तीन तुकड्यांचं नाव

मी चौथीपर्यंत शिकले. त्यामुळे मी कॉम्प्युटरबद्दल लिहिते आहे म्हटल्यावर घरातले हसले. हसू द्या. चूक मला दिसली होती, शिकलेल्यांना नाही.

भूकंपानंतर आम्ही रेणापूरकडचं गाव सोडून लातुरात आलो. घर पडलं नव्हतं, नुसतं तडकलं होतं. पण ह्यांचा दगडी भिंतींवरचा विश्वास उडाला तो उडालाच. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. गावोगावची पोरं यायची आणि त्यांना दोन वेळा जेवायला लागायचं, म्हणून मी मेस काढली. काही वर्षांनी हे गेले. मेस मात्र तेराव्यालाच परत सुरू केली, कारण पोरांच्या परीक्षा आपल्या घरचं बघून येत नाहीत.

मुलगा नांदेडला रेल्वेत होता, शनिवार-रविवारी घरी यायचा. सून माझ्याजवळ. ती कॉम्प्युटर शिकलेली. एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची, पण तात्पुरती. युनिक्स नावाचा तिचा एक विषय राहिला होता. लेखी सुटला, प्रॅक्टिकलमध्ये एकदा नापास झाली, कारण कॉलेजात एका मशीनवर चौघं बसायची आणि हिच्या हाताला कळफलक लागायचाच नाही. क्लासवाल्यांनी सांगितलं होतं, या खेपेला सुटलं तर कायम करतो, नाहीतर दुसरी बाई ठेवतो. दुसरी बाई तयारच होती. परीक्षा नांदेडला, तीन आठवड्यांवर.

मुलानं घरीच कॉम्प्युटर आणला. बसवायला आलेल्या दुकानदारानं विचारलं, "नाव काय टाकू, मावशी?"

मी म्हणाले, "घर ह्यांच्या नावावर हाय, हेबी त्यांच्याच नावावर टाका. आन् पूर्ण टाका. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अर्धवट न्हाई चालायचं."

त्यानं टाकलं. रोज सकाळी मशीन लावलं की ह्यांचं पूर्ण नाव पडद्यावर यायचं. बरं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सून तोंड पाडून बसली. मैत्रिणीकडून आणलेली युनिक्सची सीडी मशीन घेईना.

"काय म्हणायलंय?"

"आत्या, ही होम आवृत्ती हाय म्हणं. हिच्यावर हे बसत न्हाई. धंदेवाल्यांची येगळी असती."

"म्हंजी लाल टाकी आन् निळी टाकी."

मेस चालवणाऱ्या बाईला हे कोणी समजावून द्यायला नको. घरगुती गॅसची टाकी लाल, मेसची निळी. आत गॅस तोच. पण एकीचं रेग्युलेटर दुसरीला बसत नाही, आणि लाल टाकी मेसमध्ये लावली तर पुरवठा खात्याचा माणूस दारात.

"मग मधी जोड मिळत न्हाई का कुठं?" मी विचारलं.

तिनं नेट कॅफेत चौकशी केली. मिळाला जोड. घरगुती मशीन आहे तसंच ठेवायचं, त्याच्यावर एक काळी खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत युनिक्सच्या आज्ञा चालवायच्या. फुकट होतं, पण उतरवून सीडीवर घ्यायला दोन दुपारी गेल्या.

मग घरात टकटक सुरू झाली. मी कणीक मळता मळता बघायची. काही अडलं की 'मॅन' लिहायचं, म्हणजे माहिती मिळते. मी म्हणाले, "बाईला इचारायची सोय न्हाई का?" ती म्हणाली, "न्हाई आत्या, इथंबी बाप्येच उत्तर देतेत." बरी बोलायची तशी.

सरावाला तिनं मेसच्या पोरांची यादी घातली. कोण कांदा खात नाही, कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार. मग 'ग्रेप' म्हणून एक आज्ञा दिली की नुसते शनिवारवाले वेगळे निघायचे. डाळीतले खडे वेचावेत तसे. शुक्रवारी संध्याकाळी साबुदाणा किती भिजवायचा हे मला पहिल्यांदा नेमकं कळलं. आधी मी अंदाजानं भिजवायची आणि उरलेलं रविवारी थालीपिठात ढकलायची.

पण कॉलेजातल्या सरांनी सरावाला दिलेल्या लांब आज्ञा चालेनात. एक आज्ञा दिली की तीन ओळी तक्रार यायची. सापडत नाही, सापडत नाही, सापडत नाही. चार दिवस हेच. परीक्षा आठवड्यावर आली. ती जेवेना. मुलाला फोन केला, त्याला काही कळेना. नेट कॅफेवाला म्हणाला, पुसून परत टाका. परत टाकलं, परत तेच.

मी पोळपाटावरून उठले, पिठाच्या हातानं तशीच पडद्यापाशी गेले. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण ह्यांचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते ठाऊक होतं; टेलिफोनच्या जाड पुस्तकात त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं, एकदा नाही, येईल त्याला.

"हे काय गं," मी म्हणाले, "ह्यांच्या नावाचे तुकडे कोणी केले?"

"कुठं?"

"हे बघ. वरल्या ओळीत ह्यांचं नाव. मधल्या ओळीत सासऱ्याचं. खाली आडनाव. एका माणसाचं नाव तीन ओळीत कशाला?"

तिनं ओळी परत वाचल्या. मग कपाळावर हात मारून घेतला. मशीन तिचं सगळं काम ह्यांच्या नावाच्या कप्प्यात ठेवायचं, आणि सरांच्या आज्ञा त्या कप्प्याचं नाव घेऊनच चालायच्या. युनिक्सला मधली मोकळी जागा म्हणजे एक शब्द संपला, दुसरा सुरू झाला. आपण एका माणसाचं पूर्ण नाव सांगत होतो, ते तीन माणसं शोधत होतं. आणि तिघांतलं कोणीच सापडत नव्हतं.

"मग दुरुस्त कर."

 ती हळू म्हणाली, "नाव अवतरणचिन्हांत घालता येतं, पण सरांच्या आज्ञा तशा लिहिलेल्या न्हाईत. नावच बदलावं लागंल. नवीन खातं, एका शब्दाचं. पण मामांचं नाव काढायचं म्हंजी..."

"काढ. ते काय त्या डब्यात बसलेत का?"

"तुम्हीच टाकायला लावलं होतं, आत्या."

"मीच काढायला सांगायलेय. खामखा वेळ नको घालवू. पोळ्या करपतील."

"काय टाकू मग?"

"अन्न," मी म्हणाले आणि तव्याकडे गेले.

तिनं इंग्रजीत ए एन एन ए लिहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि कामाला लागली. त्या दिवसापासून सगळं सरळ चाललं. उरलेले दिवस ती मशीनसमोरून उठली नाही. भाजी मी एकटीनं चिरली, तेही लिहून ठेवते.

परीक्षा शुक्रवारी होती. संध्याकाळी फोन आला. नांदेडहून येणारी एसटी लोह्याला थांबली होती, ती स्टँडवरून बोलत होती. गाड्यांच्या आवाजात ओरडून.

"आत्या! सगळं आलं मला! आन् तोंडी परीक्षेत काय इचारलं म्हाईतंय? नावात मोकळी जागा आसली तर काय होतं!"

"मग?"

"म्या सांगितलं, माझ्या सासऱ्याचे तीन तुकडे होतेत. सर इतके हसले! मामाच पावले बघा. गावात त्यांना अण्णा म्हणायचे ना सगळे, तुम्ही तेच नाव टाकायला लावलं..."

"अगं येडे, अण्णा न्हाई. अन्न. मेसवरून म्हणलं होतं म्या."

 पलीकडं ती जी हसायला लागली, ते थांबेचना.

"उद्या शनिवार हाय," मी म्हणाले. "साबुदाणा किती जणांचा भिजवू?"

"चौदा! काढून ठेवलंय, फ्रीजवर चिकटवलंय!"

महिन्यानं निकाल लागला, पास झाली. क्लासवाल्यांनी कायम केलं. ते खातं मात्र तिनं बदललं नाही. ती त्याला अण्णा म्हणते, मी अन्न म्हणते, आणि मशीनला दोन्हीचं काही पडलेलं नाही.