ब्रेकवरची बोटं

सिद्धेश्वरीची पाळी सकाळी सहाची. नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती होटगी स्टेशनात पॉइंटमनच्या, म्हणजे रूळ बदलायच्या, कामावर लागली, आणि तेव्हापासून सात हिवाळे तिने सोलापूर ते होटगी स्कूटरवर काढले. पाचला अंधारातच निघायचं. डोळ्यांतून पाणी गळायचं, गुडघे आखडायचे. ते सगळं अंगवळणी पडलं होतं. यंदा मात्र तिला स्वतःच्या बोटांचीच धास्ती बसली.

कारण नवस. लेक काव्याचं पहिलं पोटातलं सहाव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा दिवस भरत आले होते, ती बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत पहाटे गार पाण्यानेच अंघोळ करीन, असं सिद्धेश्वरी सिद्धरामेश्वराला बोलून बसली होती. श्रावणात बोलताना मार्गशीर्षातली पहाट काही डोळ्यांसमोर नव्हती. टाकीतलं पाणी अंगावर घेऊन, लिंगपूजा आटोपून ती बाहेर पडायची, तेव्हा बोटं पांढरीफटक पडलेली असायची. हातमोजे घातले तरी तशीच.

सोमवारी विमानतळ मागे पडला आणि धुकं लागलं. पुढे उसाची ट्रॉली उभी आहे, हे तिला ऊस दिसल्यावरच कळलं. मागे दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. तिने ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं तिला वाटलं. बोटं ब्रेकवर होती, दिसत होती, पण मिटत नव्हती. तिच्या स्कूटरला पायाशी ब्रेक नव्हता. मनगटाने रेस सोडून तिने दोन्ही पाय डांबरावर रोवले. गाडी घासत, डुलत गेली आणि थांबली तेव्हा उसाचे वाढे हेल्मेटच्या काचेला टेकले होते.

चाकापाशी बसलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाजूनं जावा की ताई. लई रस्ता हाय." तिने पायांनी ढकलत गाडी बाजूने काढली.

स्टेशनात रात्रपाळी संपवून निघालेल्या रामहरीने झेंडा हातात दिला, तो खाली पडला.

"अक्का, झेंडा जड झाला व्हय? पेन्शनीचा अर्ज लिहू का?"

ती हसली. बोटं वळत नाहीत असं कामावर सांगायची सोय नव्हती.

घरी सासूने, बसव्वाने, तिचे बूट उचलून पाहिले. "टोकं कुटं खाऊन आलीस गं?" तेव्हा तिने सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीत बादलीतून वाफ निघत होती.

"आत्याबाई, हे काय केलंत? नवस आहे माझा."

"हाय की. म्हाईत हाय मला."

"काव्याला काही झालं म्हणजे?"

"आन् तुला झालं म्हंजे? बाळंतिणीला न्हाऊ मी घालू? मला माजी पाठ घासायला होत न्हाय."

"देवाला काय सांगू मी?"

"तू कामावर जा. मी बसते त्येच्याम्होरं. सांगते, सुनेला मी दटावलं म्हणून. आमची वळख जुनी हाय."

तिने पहिला तांब्या अंगावर घेतला. ऊन पाणी पाठीवरून उतरलं, बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

त्या दिवशी तिने गाडी तीसच्या वर नेली नाही. बोटं मिटत होती. विमानतळाच्या भिंतीशी डिकीतला फोन वाजू लागला. बसव्वा स्वतःहून कधी फोन करत नसे. सिद्धेश्वरीने गाडी बाजूला घेतली, नाव बघितलं आणि हेल्मेट काढून फोन कानाला लावला.

"काव्याला कळा लागल्यात. रिक्षा आलीय, दवाखान्यात निघालो. दिवस भरल्यालेच हायत, भिऊ नगंस. सावकाश ये."

तिने स्टेशनात कळवलं, गाडी वळवली. समोरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक येत होत्या. प्रत्येक ट्रॉलीला ती ब्रेक दाबून पाही, आणि गाडी प्रत्येक वेळी निमूट थांबे. एरवी वाटभर तिच्या ओठांवर देवाचं नाव असायचं. तेवढ्या वाटेत तिने त्याच्याकडे काही मागितलं नाही. मागायला तोंड उघडलं, तर आपण पुन्हा एखादा नवस बोलून बसू, असं तिला वाटत होतं.