तुलनेची चूल

डॉक्टरांनी माझ्या मायचा डोळा पेन्सिलीने उघडला.

जळगावच्या एका कॉलेजचा हॉल होता. व्यासपीठावर आमच्या गावच्या दोन बाया बसवल्या होत्या. पाटलीणबाई खुर्चीवर, माझी माय खाली, सतरंजी सोडून फरशीवर. समोर कोटवाले प्राध्यापक, डॉक्टर, मिलवाले, सरकारी अंमलदार. डॉक्टरांनी आधी पाटलीणबाईंना विचारलं, "बघू का ताई?" त्यांनी मान हलवली तेव्हा हलक्या बोटांनी पापणी वर केली, मंडळींना दाखवली. मग ते मायपुढे उकिडवे बसले. खिशातून पेन्सिल काढली. तिचं बोथट टोक मायच्या पापणीवर टेकवलं आणि पापणी वर ढकलली. विचारणं वगैरे काही नाही. माय दचकली.

"हलू नकोस गं," डॉक्टर म्हणाले. आणि मंडळींकडे वळून म्हणाले, "हा धूर चालू ठेवलेला डोळा."

चालू ठेवलेला. मी भिंतीला लागून उभा होतो. शेणाच्या वायूच्या टाकीचा पत्र्याचा नमुना मी गावाहून मोटारीत मांडीवर धरून आणला होता आणि त्याच्याशेजारी मला उभं केलं होतं. हे दोन शब्द मला खटकले. का ते तेव्हा लगेच कळलं नाही.

आमचं गाव धुळ्याकडचं. स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. एस.टी. गावापर्यंत आली होती, स्वातंत्र्य बहुतेक फाट्यावरच उतरलं असावं. त्या साली तीन साहेब आमच्या गावी संशोधनाला आले. एक प्रोफेसर, ते शेणापासून जळणारा वायू काढायचे. त्यांच्याबरोबर डोळ्यांचे डॉक्टर, चुलीच्या धुराने बायांच्या डोळ्यांचं काय होतं ते तपासायला. तिसरे वाणिज्याचे, असली टाकी गावाने कशी चालवावी, माणसं कशी लावावीत, त्याचं व्यवस्थापन मांडणारे. तिघं मिळून एकच प्रबंध लिहिणार होते. वायू, डोळा आणि कारभार.

गावाबाहेर विहिरीएवढा खड्डा खणला, बांधून काढला, वर लोखंडी झाकण उपडं घातलं. शेण आणि पाणी कालवून आत सोडायचं. वायू साठला की झाकण आपोआप वर यायचं. झाकणातून निघालेली नळी वरच्या आळीत गेली. मी सातवीची फायनल पास झालेलो, म्हणून टाकी ढवळायला, नोंद ठेवायला मला घेतलं. शेण आणायला, कालवायला आमच्या महारवाड्यातल्या बाया. त्यात माय. वाणिज्यवाले साहेब आठवडाभर आमच्या मागे फिरले आणि खूश होऊन म्हणाले, "इथं नवी माणसं नेमायलाच नकोत. गावाच्या रीतीत व्यवस्थापन तयारच आहे." म्हणजे आम्ही फुकट राबतो, हे त्यांना शास्त्रात बसवता आलं.

पहिल्यांदा वरच्या आळीत ती निळी ज्योत पेटली तेव्हा मी खिडकीबाहेरून पाहिली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. धूर नाही. राख नाही. पाटलीणबाई लुगड्याचा पदर डोळ्यांना न लावता भाकरी थापत होत्या. माझी माय जन्मभर चुलीशी वाकून फुंकर मारत आलेली. तिचे डोळे कायम लाल, सकाळी चिकटलेले, ओल्या फडक्याने सोडवावे लागत. संध्याकाळी तिला उंबरा दिसायचा नाही. मला एवढंच हवं होतं, की तिची नजर जायच्या आत ती निळी ज्योत आमच्या घरात यावी.

प्रोफेसर साहेबांनी आम्हाला चावडीसमोर उभं करून समजावलं होतं. वरच्या आळीतल्या काही घरांना आधी वायू. महारवाड्यातल्या काही घरांना वर्षाने. तोवर आमच्या घरांनी जशी आहे तशी चूल पेटवायची. मग दोन्हीकडच्या बायांचे डोळे तपासून तुलना करायची. "तुमची घरं तुलनेची घरं," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय आमचं संशोधन उभंच राहणार नाही." आणि एक ताकीद दिली. घरात काही बदल करायचा नाही. धुराडं नको, भिंतीला भोक नको. नाहीतर तुलना मोडते.

मायला तर हे फार मोलाचं वाटलं. जन्मात कोणी तिला म्हणालं नव्हतं, की तुझ्यावाचून अडतंय. "मना डोया शास्त्रना कामले उना," ती शेजारणींना सांगायची. अधूनमधून मला विचारायची, "आपले तो गॅस कव्हय भेटी रे?" मी म्हणायचो, साल सरू दे.

साल सरता सरत नव्हतं. त्यात एक गोष्ट अशी झाली जी तिन्ही साहेबांच्या ध्यानात आली नाही. आमच्या बाया रस्त्यावरचं, गायरानातलं शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या. आमचं सरपण ते. आता गावातलं सगळं शेण टाकीत जाऊ लागलं. आमच्या चुलीत राहिल्या कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, चिंध्या. पूर्वी धूर व्हायचा, आता घर धुराने भरून जायचं. माय स्वतःच्या हाताने शेण कालवून पाटलीणबाईंची निळी ज्योत पेटती ठेवत होती आणि घरी येऊन पाचोळा फुंकत होती. डॉक्टर मधूनमधून यायचे. वरच्या आळीत हात धुऊन बोटांनी डोळे बघायचे, आमच्याकडे दारातच पेन्सिल काढायचे. "नजर उतरतेय," असं समाधानाने म्हणायचे. मी एकदा बोललो, "साहेब, शेण जातं म्हणून धूर वाढलाय. एखादं धुराडं काढू का?" प्रोफेसर म्हणाले, "थोडे महिने रे. आता मोडलंस तर सगळी मेहनत पाण्यात." मी परत टाकीवर गेलो. काय करणार होतो? वायू त्यांच्या हातात होता.

मग हा जळगावचा मेळावा ठरला. पारोळा, एरंडोल करत मोटार आली. माय ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मोटारीत ती मागच्या फळीवर बसली, पाटलीणबाई पुढे. वाटेत मायला धड काही दिसत नव्हतं, पण तोंड खिडकीकडेच होतं.

तर डॉक्टरांचं दाखवणं झालं. टाळ्या पडल्या. मायला वाटलं टाळ्या तिच्यासाठी. तिने हात जोडले. समोरच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि त्यांनी प्रश्न विचारला. साधा प्रश्न होता. "वायू कोणत्या घरांना द्यायचा आणि कोणत्या नाही, हे तुम्ही कसं ठरवलं? चिठ्ठ्या टाकल्या?"

प्रोफेसर हसले. "चिठ्ठ्या टाकायचाच विचार होता. पण गावानेच आमचं काम सोपं केलं. वरची आळी म्हणाली, महारवाड्याच्या चुलीला जोडलेली नळी आमच्या चुलीला चालणार नाही. तिकडचा वायू फिरून इकडे आला तर? विटाळ होईल. म्हटलं, भांडत कशाला बसा. एक आळी वायूची, एक तुलनेची. आयतेच दोन गट मिळाले."

हॉलमध्ये हशा पिकला. चांगला मोकळा हशा. प्रश्न विचारणारे गृहस्थही हसले आणि खाली बसले.

शेण आमच्या हातांनी कालवलेलं चालत होतं. त्यातून निघालेल्या वायूवर त्यांच्या देवाचा नैवेद्य शिजत होता. शेणाला विटाळ नव्हता, नळीला होता. आणि मी वर्षभर समजत होतो की हे शास्त्र आहे. गावाने हजार वर्षं केलं तेच या लोकांनी केलं होतं, फक्त त्याला गट म्हणाले. गावाची शिवी मला कळायची, तिच्यापुढे मी मान खाली घालायला शिकलो होतो. ही कळलीच नव्हती. मायचा डोळा जात नव्हता, तो जाऊ दिला जात होता. चालू ठेवलेला.

डॉक्टर पुन्हा पेन्सिल घेऊन मायकडे आले. मागच्या रांगांना दिसलं नव्हतं म्हणे.

मी चालत व्यासपीठावर गेलो. मी मायचा हात धरला.

"डोळा मिटून घे माय," मी म्हणालो.

"अरे, काय करतोस?" प्रोफेसर म्हणाले. "तू नमुन्यापाशी उभा राहा."

"ही माझी माय आहे," मी म्हणालो. "हिचा डोळा आता कोणाला दिसणार नाही."

याहून जास्त मला बोलता आलं नाही. आणखी पुष्कळ बोलायला हवं होतं, आजही रस्त्याने चालताना ते बोलणं सुचतं. कोणी अडवलं नाही, कोणी आमच्या बाजूने उठलंही नाही. पाटलीणबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. मी मायला घेऊन बाहेर पडलो. नमुना तिथेच राहिला.

मोटार अड्ड्यावर माय माझ्यावर उखडली. "काबर बोलना रे तू? येनार व्हता तो गॅस बी गया आते!" मी तिला नळीची गोष्ट सांगितली. तिने ऐकली. मग लुगड्याने डोळे पुसत म्हणाली, "तरी बी. ज्योत ते निळी व्हती ना." ती चूक बोलत नव्हती.

घरी पोचलो आणि मी पहार घेतली. चुलीमागच्या भिंतीवर घाव घातला.

"भीत कसाले फोडस?" माय ओरडली.

"धूरले वाट करी राहिनू."

माती पडत राहिली. भगदाड पडलं तसा धूर तिकडे वळला. आमच्यातल्या आणखी दोन घरांनी भिंती फोडल्या. बाकीच्यांनी नाही. त्यांना अजून वाटत होतं, साहेब रागावले नाहीत तर वायू येईल. मी त्यांना दोष देत नाही. आस सोडायला सांगणारा मी कोण?

पुढच्याच महिन्यात प्रोफेसर आणि डॉक्टर शेवटची तपासणी करायला आले. मी दारात उभा राहिलो.

"पाच मिनिटांचं काम आहे," प्रोफेसर म्हणाले. "राग मनात धरू नकोस. हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

"भिंत फोडलीय साहेब," मी म्हणालो. "तुमची तुलना मोडली."

त्यांनी आत डोकावून भगदाड पाहिलं. त्यांच्या तोंडावर खरंच दुःख दिसलं. माझ्या मायसाठी त्यांना इतकं दुःख झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन्सिल खिशात ठेवली. दोघं निघून गेले.

नळी महारवाड्यात आली नाही. मायची नजर पुढच्या उन्हाळ्यात गेली. भगदाडातून वारा आला की ती तोंड तिकडे करून बसते आणि म्हणते, "आते धूर नही शे." धूर नाही हे ती नाकाने सांगते, डोळ्यांनी नाही.

टाकी ढवळायला मी परत गेलो नाही. बोलावणी आली, धमक्या आल्या. प्रत्येकाला मी एकच सांगितलं आणि आजही तेच सांगतो. माझ्या घरातलं दुखणं कोणाच्या तुलनेसाठी राखून ठेवलं जाणार नाही. ज्या टाकीची नळी माझ्या दारात येत नाही, त्या टाकीत माझा हात जाणार नाही.