गोरक्ष उभा राहतो ती जागा

चाकणच्या पलीकडच्या गावातून गोरक्ष रोज मोटारसायकलवर पिंपरीच्या एका फार्मसी कॉलेजात येतो आणि पांढऱ्या उंदरांची बडदास्त ठेवतो. त्याच्या वयाचे बाकीचे कंपन्यांत लागले. लग्न ठरताना घरच्यांनी ‘मेडिकल लाइनला आहे’ एवढंच सांगितलं होतं.

तिथल्या निशिगंधा मॅडम स्मरणशक्तीच्या औषधावर पीएचडी करतात. औषध तपासायचं तर आधी उंदराला विसराळू करावं लागतं. त्याचं इंजेक्शन मिळतं. मग दुधाची पावडर कालवून गढूळ केलेल्या हौदात त्याला सोडायचं. पाण्याखाली एक छोटा ओटा दडवलेला असतो. औषध मिळालेल्याला तो आठवावा, बाकीच्यांनी भटकावं, अशी विज्ञानाची अपेक्षा.

पण सगळेच उंदीर थेट ओट्यावर जाऊ लागले. विसरायला कुणी तयारच नव्हतं. विभागप्रमुख उद्धवरावांनी निदान केलं, की गोरक्षनं पिंजऱ्यांची लेबलं उलटसुलट केली आणि औषध सगळ्यांच्याच पोटात गेलं. सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर त्यानं घरी बसावं.

दोन दिवस गोरक्ष पोहणाऱ्या उंदरांची तोंडं न्याहाळत राहिला. शनिवारी म्हणाला, “मॅडम, ह्ये ओट्याकडं जात न्हाईत. माज्याकडं येत्यात.”

उंदराला उचलून पुसायला तो रोज ओट्यामागेच टॉवेल घेऊन उभा राहायचा. मॅडम हसल्या. मग गोरक्ष हौदाच्या दुसऱ्या बाजूला गेला. सोडलेल्या उंदरानं अर्धी गिरकी घेतली आणि ओट्याकडे पाठ करून त्याच्याकडे पोहत निघाला. त्यामागून दुसरा, तिसरा, असे नऊ. मॅडमचं हसू केव्हाच मावळलं होतं.

सोमवारी उद्धवराव म्हणाले, ही टॉवेलची करामत आहे. ते स्वतः टॉवेल घेऊन ओट्यामागे उभे राहिले. गोरक्ष समोर, रिकाम्या हातांनी. विसरण्याचं इंजेक्शन घेतलेला, ओंजळीत मावेल एवढा जीव सरांकडे पाठ करून गोरक्षकडे गेला आणि हौदाच्या भिंतीला पंजे लावून थांबला. लेबलांचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही.

आता हौदाभोवती पडदा असतो आणि उंदीर नवे. औषध मिळालेले गोरक्षला न बघताही ओटा गाठतात. न मिळालेले गोल गोल फिरतात. मॅडमना हवं होतं ते हेच. पडद्याआड गोरक्ष त्यांचं पाणी कापणं ऐकत असतो. साठ सेकंदांनी मॅडम “घ्या, उचला” म्हणतात. तोवर तो श्वाससुद्धा जपून घेतो.