‘घर बंद’ असा शेरा

आमच्या टेलिफोन कंपनीच्या कर्जाची बातमी आली की नवरा चहा पिता पिता मोठ्याने वाचायचा. “अगं, वाढलं पुन्हा!” मी म्हणायचे, “वाच तू, मला डबा भरायचाय.” निम्म्याहून जास्त कंपनी सरकारची, म्हणून सोसायटीत मी अजून ‘सरकारी नोकरी’ असंच सांगायचे. पण बायकाही पेपर वाचतात ना! “पगार होतो ना गं वेळेवर?” असं लिफ्टमध्ये कुणी हळूच विचारलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज, एवढंच मला त्यातलं कळायचं. बाकीचं घाटकोपरच्या आमच्या एक्स्चेंजमध्ये, तक्रारींच्या टेबलावर बसून दिसायचं. स्टोअरमध्ये केबल नाही. कंत्राटी माणसं पगाराची वाट बघून निघून गेलेली. आमच्या भागाला लाइनमन एकच उरलेला, तोही रिटायरमेंटला टेकलेला. कॉम्प्युटरला याचं काय? तक्रार तीन दिवसांत मिटली नाही की वरच्या ऑफिसात माझ्या नावापुढे लाल खूण. त्यावर आमच्याकडे एक जुनी युक्ती होती. ‘घर बंद’ असा शेरा मारायचा. म्हणजे आमचा माणूस गेला होता, दाराला कुलूप होतं, आमचा काय दोष? तक्रार मिटली. ग्राहकाला तसा मेसेज जायचा, तो पुन्हा तक्रार करायचा, आम्ही पुन्हा शेरा मारायचो. सगळेच मारायचे, मीही बिनधास्त मारायचे.

एक दिवस टेबलासमोर एक काका येऊन उभे राहिले. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून रिटायर झालेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. डोंगराच्या उतारावरच्या चाळीत त्यांची तळमजल्यावरची खोली. घरात मोबाइलला रेंज नाही, बोलायचं तर बाहेर गल्लीत यावं लागतं. बायकोला अर्धांगवायू झालेला, ती खाटेवरच. तिची वाचा गेली होती. पण नागपूरची मुलगी रोज संध्याकाळी लँडलाइनवर फोन करायची आणि आईकडून एकेक शब्द म्हणून घ्यायची. “मीठ म्हणायला लागली होती हो ताई,” काका म्हणाले. “माझं नावसुद्धा घेतलं एकदा. आणि फोनच बंद पडला.”

मी म्हटलं, “करते काका, दोन दिवसांत.” दुपारी लाइनमन सांगत आला, “मॅडम, त्या पिलरमधून काकांपर्यंत जाईल अशी तारांची एकच जोडी धड आहे. तुमच्या घरची.”

पिलर म्हणजे रस्त्याकडेचा तारांचा लोखंडी डबा. आमची सोसायटी त्याच रस्त्यावर. घरी कर्मचाऱ्याला मिळणारा फुकटचा फोन होता, हॉलमध्ये, वर क्रोशाचा रुमाल. वापरत कोण होतं? इंटरनेटसाठी आम्हीच केव्हाचं दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं होतं, आणि हे मी ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं. मी लाइनमनला म्हटलं, “बघू.”

का म्हटलं? तो फोन काढला तर कंपनी बुडाली हे मीच कबूल केल्यासारखं होईल, अशी तेव्हा मनाची समजूत घातली. थापा सगळ्या! फुकटचं सोडवत नव्हतं, बस्स. दोन महिने मी काकांच्या तक्रारीवर ‘घर बंद’ लिहीत राहिले. त्या घरातली बाई खाटेवरून उठू शकत नाही, हे मला ठाऊक होतं.

मग काका पुन्हा आले. या वेळी तक्रार केली नाही की आवाज चढवला नाही. “आता ती बोलायचा प्रयत्नसुद्धा करत नाही,” एवढंच म्हणाले. त्याच दुपारी मी माझी लाइन त्यांना जोडून द्यायला सांगितली आणि लाइनमनबरोबर स्वतः गेले.

दाराबाहेर, गल्लीत अर्धी आलेली, एक प्लास्टिकची खुर्ची होती. काका ती बाजूला करत म्हणाले, “मेसेज यायचे ना, घर बंद म्हणून. मला वाटलं, तुमच्या माणसाला दार सापडत नसेल. म्हणून सकाळपासून इथेच बसायचो. जेवणसुद्धा इथेच.” लाइनमनने मान खाली घालून वायर सोलायला घेतली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

लाइन सुरू झाल्यावर काकांनी गल्लीत जाऊन मोबाइलवरून मुलीला कळवलं. संध्याकाळी सातला फोन वाजला. काकांनी रिसीव्हर बायकोच्या कानाला धरला. मुलगी पलीकडून “आई, मीठ म्हण. मीठ,” म्हणत होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. काकूंनी ऐकलं, डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“येईल हळूहळू,” असं म्हणून काकांनी रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला. “अगं, ऑफिसातल्या ताईंनी स्वतःच्या घरची लाइन दिली आपल्याला. कोण करतं गं एवढं? घे, बोल त्यांच्याशी.”

मुलगी रडत होती. “तुमचे उपकार कसे फेडू?” म्हणाली.

आणि मी काय म्हणावं? “अहो, त्यात काय एवढं!”