कोऱ्या मतपत्रिकांचा वास

"दीपकभाईंनी दुकानात बसून मतपत्रिका भरल्या, आणि कांबळेकाकांनी आपला माणूस म्हणून ते झाकले." न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या आमच्या मराठी मंडळात ही कथा वर्षभर सांगितली जात आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही जण मोजणीला हजर नव्हता. मी होतो. ती मोजणी माझ्याच हाताखाली झाली.

प्रश्न साधा होता: आमच्या भागातल्या डेअऱ्यांनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानांनी, फ्लेवरचा तंबाखू विकणे थांबवावे काय? मतदान रहिवासी संघाने घेतले. महाराष्ट्रात निवडणूक शाखेत माझी सारी नोकरी झाली असल्याने मला रिटर्निंग ऑफिसर नेमले. स्क्रुटिनीअर, म्हणजे मोजणीवर नजर ठेवणारे प्रतिनिधी, दोन होते. दुकानदारांतर्फे दीपकभाई, बंदीवाल्यांतर्फे मार्गारेट.

दुपारी सील तपासून मी पेटी उघडली आणि हॉलभर मेंथॉलचा थंड वास पसरला. कोणीही सिगारेट ओढत नव्हते. खिडक्या उघडल्या, तरी वास वाढतच गेला. मार्गारेटने हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"मिस्टर कांबळे, माझा नवरा ट्रेवर हीच मेंथॉलची सिगारेट ओढायचा. त्याला जाऊन चार वर्षे झाली." मग ती दीपकभाईंकडे वळली. "पाकिटे तुमच्याच दुकानातून यायची."

"काका, मी पेटीला बोटही लावलेले नाही," दीपकभाई मला म्हणाले. नंतर तिला, हलक्या आवाजात, "ट्रेवरला मी दर वेळी सांगायचो, आता पुरे. तो म्हणायचा, स्वीट ॲज, चालेल, उद्यापासून."

मार्गारेटने गठ्ठा पुन्हा उचलला. मोजणी संपली. बंदीचा प्रस्ताव अकरा मतांनी पडला.

"वासच सांगतो, या पत्रिका दीपकच्या दुकानात भरल्या आहेत," ती म्हणाली. "मतदान रद्द करा."

रद्द केले असते, तर दीपकभाईंना या गावात पुन्हा शटर उघडता आले नसते. मी निकाल कायम ठेवला. का ठेवला, ते मंडळाने आता नीट ऐकावे.

मोजणीनंतर उरलेल्या कोऱ्या पत्रिकांचा छापलेल्या संख्येशी ताळा घ्यावा लागतो. त्या छापखान्यातून आल्या तशाच बंद पाकिटात होत्या; पाकिटावर मतदानाआधीच दोन्ही प्रतिनिधींनी माझ्यासमोर सह्या केल्या होत्या. त्यानंतर ते माझ्या घरच्या कपाटात, कुलपात होते. माझ्या घरी कोणी तंबाखूला शिवत नाही.

मार्गारेटने स्वतःची सही ओळखली. सर्वांसमक्ष मी सील फोडले. आतल्या कोऱ्या कागदांना तोच वास होता, पेटीतल्यापेक्षा उग्र.