बंद जबड्याचं माप

टेपकाकांची उभी हयात लोकांची घरं उचलून दुसरीकडे ठेवण्यात गेली. कपाटं, पलंग, शिलाई मशीनं आणि एकदा तर खुर्चीतून उठायला नकार देणाऱ्या कुणाच्या सासूबाई, खुर्चीसकट. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला आणि शर्टाच्या खिशात कायम मोजायची टेप. सामानाला हात लावायच्या आधी जिना मापायचा, वळण मापायचं, दार मापायचं. हाताखालच्या एखाद्या गड्यानं बंद दाराला टेप लावली की काका कडाडायचे, "उघड की ते! बंद दाराचं माप खोटं असतं!"

अशाच एका घराच्या बदलीत त्यांना तो मासा मिळाला. घरमालकीण म्हणाली, "याला कुठं नेऊ? तुम्हीच ठेवा." काकांनी टाकी घरी आणली आणि बाहेरच्या खोलीत, काकूंच्या शिलाई मशीनशेजारी मांडली. काकू शेजारपाजारचे कपडे शिवतात. त्यांनी मान वर करून विचारलं, "हे काय उचलून आणलंत?"

मासा हातभर नव्हता, पण वीतभर मात्र पक्का. काळा, अंगावर निखाऱ्यासारखे डाग, खालचा ओठ पुढे काढलेला. दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, तळाचे खडे तोंडात धरून तो डाव्या बाजूचे उजवीकडे नेऊन टाकत होता. काका चहा विसरले. "अगं बघ, हा आमच्याच धंद्यातला निघाला!" त्यांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. कामाला स्वतः तोंड लावणारा मुकादम त्यांनी तेवढा एकच पाहिला होता.

मग काकांना प्रश्नच प्रश्न. हा खडे का हलवतो? मी आलो की पुढे येतो आणि दूधवाला आला की मागे जातो, ते कशावरून? उत्तरं कोण देणार? काका स्टूल ओढून बघत बसायचे.

पण हळूहळू काच शेवाळली. मुकादम हिरव्या पडद्याआड गेला. काच घासायला हात घातला तर त्यानं अंगठा फोडला. कपडे शिवायला द्यायला आलेल्या बायका टाकीकडे बघून नाक मुरडायला लागल्या. काकू म्हणाल्या, "घरात डबकं नको मला. रविवारपर्यंत काच साफ दिसली नाही, तर हा त्या शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्या बाईंकडे जाईल. मी स्वतः बादलीत घालून नेईन."

काकांनी त्यांचंच दुकान गाठलं. मासेवाल्या बाई म्हणाल्या, "काच चाटून शेवाळ खाणारा मासा सोडा की. आम्ही त्याला चाट्याच म्हणतो."

"दोन सोडले होते. संध्याकाळपर्यंत गायब."

"बारके नेले असणार. त्याच्या तोंडात मावणार नाही असा न्या."

झालं. माप म्हटल्यावर काकांच्या अंगात आलं. घरी जाऊन त्यांनी काचेला टेप लावली, मुकादमाचं तोंड मापलं आणि त्याहून चांगला जाड चाट्या निवडून आणला. मातकट रंगाचा, अंगावर खरखरीत कवच, दोन्ही बाजूंना ताठ काटे. सोडल्या सोडल्या तो काचेला चिकटला. चाटेल तिथं स्वच्छ पट्टा उमटायला लागला. काका खूश.

शनिवारी सकाळी काकूंची हाक आली. "अहो, धावा! याच्या तोंडात काहीतरी अडकलंय!"

मुकादमाच्या जबड्यातून चाट्याची शेपटी बाहेर आली होती आणि वळवळत होती. जबडा एवढा ताणलेला की काकांना ओळखूच येईना. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मी मिटलेलं तोंड मापलं!"

"जन्मभर पोरांवर ओरडलात ना यावरून?"

"ओरडलो गं. आता टॉवेल भिजव."

काकूंनी कापड सोडलं, टॉवेल भिजवला आणि मुकादमाला त्यात गुंडाळून धरला. त्याला बादलीत पोचवायला निघालेली हीच बाई, पण आता पकड घट्ट. काकांनी शेपटी चिमटीत धरून हलकेच ओढली. चाट्याचे काटे पसरले आणि आत रुतले.

"ओढू नका! फाटेल तो!"

काका थांबले. जिन्याच्या वळणावर कपाट अडकतं तेव्हा नवखा गडी ओढतो. जाणता आधी आत ढकलतो. त्यांनी चाट्याला किंचित आत सरकवलं. काटे सैल पडले. मग सामान बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे दोन तुकडे कापले, टोकं घासून गोल केली. कपाट आणि भिंतीच्या मध्ये पुठ्ठा सारतात, तसा एकेक तुकडा दोन्ही बाजूंनी सारला आणि काटे अंगाशी दाबले.

"पाण्यात बुडव जरा. श्वास घेऊ दे."

काकूंनी बुडवला, पुन्हा वर काढला. "आता?"

"आता तिरका करायचा आणि वळवत काढायचा."

चाट्या बाहेर आला तो एका बाजूचा पर फाटूनच. पण टाकीत पडल्याबरोबर सुळकन तळाशी ठेवलेल्या मातीच्या नळकांड्यात शिरला. मुकादम तळाला आडवा. कल्ले नुसते फडफडत होते. काका स्टुलावर बसले ते जेवायलाही उठेनात. काकूंचं मशीन त्या दिवशी बंदच राहिलं.

रविवारी मुकादम सरळ झाला, पण कोपऱ्यात तोंड घालून बसला. काकांनी चोरट्यासारखं विचारलं, "आज रविवार ना?"

"असेल," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "आजारी माशाला कोण घेतंय?"

पुढे दोन-चार दिवसांनी त्यानं पहिला दाणा खाल्ला. त्याच दुपारी चाट्या नळकांड्यातून बाहेर आला आणि फाटक्या परानं काचेवर चढून चाटायला लागला. मुकादम सावकाश जवळ गेला. तोंड उघडलं. काकांचा हात टाकीत घुसायच्या बेतात होता. मुकादमानं तोंड तसंच उघडं ठेवलं, चाट्याच्या अंगावरून नजर फिरवली, मिटलं, आणि खडे उचलायला तळाला गेला.

स्वच्छ झालेल्या पट्ट्यातून काकू वाकून बघत होत्या. "घाबरला वाटतं."

"घाबरतोय कसला," काका म्हणाले. "माप घेतलं त्यानं. उघड्या तोंडानं."