रांगेत बसलेले बटाटे

आर्डिस ब्रेक्के सिनेटर झाल्या तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत लवॉन टुफ्टेबाईंच्या गायीच्या पोटात होता. खोटं वाटत असेल तर आमच्या नॉर्डबी गावात कुणालाही विचारा. फक्त लवॉनबाईंना विचारू नका, जेवणाची वेळ टळेल.

आर्डिसबाई गुरांच्या डॉक्टर. डकोटाच्या आमच्या माळावरच्या अडलेल्या गायी एकतीस वर्षं त्यांनीच सोडवल्या, म्हणून अख्खं गाव त्यांना नुसतं 'डॉक' म्हणे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमचे म्हातारे सिनेटर वारले. अशा वेळी गव्हर्नर कुणाला तरी नेमतो आणि त्या माणसाने पुढच्या निवडणुकीपर्यंत खुर्ची सांभाळायची असते. गव्हर्नरला पक्षातल्या दोन्ही गटांची भांडणं नको होती. ज्याच्यावर कुणाचाच राग नाही असं माणूस त्याला हवं होतं, आणि तसं माणूस त्या घटकेला टुफ्ट्यांच्या गोठ्यात गुडघ्यांवर होतं. एक हात आत, दुसऱ्या हातात दोर. म्हणून फोन लवॉनबाईंनी डॉकच्या कानाला धरला. आणि स्वतःचाही कान त्याला लावला.

"दोनच वर्षं," डॉक फोनवर म्हणाल्या. "तेवढे दिवस रुमाल टाकून ठेवते खुर्चीवर. मग परत येते."

पाच मिनिटांनी कालवड जन्मली. तिचं नाव 'सिनेटर' ठेवलं. पुढची दोन वर्षं गावात "सिनेटर काय म्हणतेय?" असं कुणी विचारलं, की आधी "दोन पायांची की चार?" असं विचारावं लागे.

या वसंतात डॉकनी जाहीर केलं, की पूर्ण सहा वर्षांसाठी त्या निवडणुकीला उभ्या राहणार.

आमच्याकडे कुणी ओरडत नाही. कुणी मोठ्याने बोललं तर पाद्रीबुवा घरी येऊन तब्येतीची चौकशी करतात. आमच्याकडे माणसं "हंऽऽ" म्हणतात. तो "हंऽऽ" त्या दिवशी किराणा दुकानात सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत धान्याच्या कोठारांपर्यंत पोचला. लवॉनबाईंना तर 'हो' म्हणताना श्वास आत ओढायची सवय. बुडणाऱ्या माणसाने हवेचा शेवटचा घोट घ्यावा तसं ते ऐकू येतं. (ते मला फार छान जमतं. आमची मांजर फसते.)

"तिने दोन वर्षं म्हटलं होतं ना, लवॉन?"

"हॉप्. फोन माझ्या हातात होता."

"मग आता काय झालं?"

"कुठेतरी पाणी मुरतंय. वॉशिंग्टनचं पाणी."

आणि त्या दिवसापासून लवॉनबाईंनी डॉकना डॉक म्हणणं सोडलं. तोंडावर "सिनेटरबाई" म्हणायला लागल्या. आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही.

हे सगळं राज्यभर पोचवलं गॅरेट स्लाइसने. हा डॉकच्या विरुद्ध उभा होता. ट्रॅक्टरविक्या. आवाज असा, की लोणी लावलेला पाव बोलतोय. रेडिओवर दर तासाला यायचा: "मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तिच्या नॉर्डबीलाच विचारा!" बस, एवढंच. आणि राज्यभरचे लोक खरंच विचारायला लागले. आमची मतं दीडशेच्या वर एक-दोन डझन, त्यांनी सिनेटर होत नाही. पण ज्या बाईला तिचं गाव मत देत नाही तिला दुसरं कोण देणार? डॉकचं सगळं आमच्यावर अडलं होतं, आणि आम्ही "हंऽऽ" म्हणत होतो.

निवडणुकीला नऊ दिवस असताना चर्चच्या तळघरात शरदातलं गावजेवण होतं. प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. भांड्याखाली कागदी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. डॉक हॉटडिश घेऊन आल्या. खाली खिमा, मधे मटार आणि डब्यातलं मश्रूमचं सूप, वर बटाट्याचे बोटभर गोळे लावून भट्टीत भाजलेलं. त्यांनी डाव्या हाताने ते टेबलावर ठेवलं, नवरा ऑर्विल मागून झाकण घेऊन आला, आणि दोघं कोपऱ्यात जाऊन बसली.

लवॉनबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि शेजारच्या मैत्रिणीला कोपराने खुणावलं.

"मर्ना, हे बघ."

"काय?"

"रांगा."

बटाट्याचे गोळे सरळ रांगांत होते. बारा गोळ्यांची एक रांग, अशा आठ. शाळेच्या वर्गाच्या फोटोसारखे.

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. डॉक एकतीस वर्षं तळघरात हॉटडिश आणत होत्या आणि वरचे बटाटे पिशवीतून ओतलेले असायचे, गाडीतून खडी ओतावी तसे. गावात भांडं उलटं करून नाव वाचायची गरज फक्त त्यांच्याच बाबतीत पडत नसे.

"आर्डिसने आयुष्यात एक बटाटा रांगेत लावला नाही," लवॉनबाई म्हणाल्या. "हे तिने केलेलंच नाही."

"मग कुणी?"

"वॉशिंग्टनच्या कचेरीतल्या पोरांनी. त्या बारीक पँटवाल्यांनी. गावाच्या जेवणाला पगारी माणसाच्या हातचं!"

"हंऽऽ," मर्ना म्हणाली. हंऽऽ रांगेतून पुढे सरकला. लोक सॅलड घेत, हॅम घेत, डॉकच्या भांड्यापाशी आल्यावर एकदम भिंतीवरचं येशूचं चित्र बघत आणि पुढे जात. अर्ध्या तासात बाकीची भांडी खरवडून झाली आणि मधोमध ती सैन्याची संचलनाची तुकडी जशीच्या तशी उभी. मत पेटीत पडायच्या आधीच मोजून झालं होतं. डॉक कोपऱ्यातून बघत होत्या. बाई थोडीच आंधळी आहे.

तेवढ्यात मायलो टुफ्टे, लवॉनबाईंचा नवरा, बूट न पुसता जिना उतरला.

"सिनेटर अडली."

अख्ख्या तळघराने डॉककडे बघितलं.

"चार पायांची," मायलो म्हणाला. "पहिलटकरीण आहे. खुरं बाहेर दिसतायत, डोकं मागे वळलंय. नवा डॉक्टर मिनोटला गेलाय, दीड तास लागेल."

डॉक उठल्या नाहीत. एक, दोन, तीन, चार. मी सेकंद मोजले. एकतीस वर्षांत 'अडली' शब्द ऐकून ही बाई कधी बसून राहिली नव्हती. बाप्तिस्म्याच्या मधून उठून गेली होती. स्वतःच्या पोरीच्या.

"राहू दे, मायलो," लवॉनबाई म्हणाल्या. "सिनेटरबाईंची बाही मळेल."

मग डॉक उठल्या. "लवॉन, तू चल माझ्यासोबत. बाकी कुणी नको."

टुफ्ट्यांचा गोठा चर्चच्या मागेच आहे, आणि 'बाकी कुणी नको' हे आमच्याकडे आमंत्रण समजतात. पण मायलो दारात आडवा उभा राहिला, म्हणून मी एकटीच मागच्या फटीपाशी पोचले.

"कोट काढ, लवॉन. साबण लाव. कोपराच्या वरपर्यंत."

"मी?"

"तूच."

"अगं, डॉक्टर कोण आहे इथे?"

"हात घाल. गप्प. आत काय लागतंय?"

"ओलं लागतंय!"

"नाक शोध. मिळालं? आता वासरू मागे ढकल. ओढू नकोस, ढकल. तिची कळ थांबली की. आता. हाताच्या तळव्यात तोंड झाक आणि वळव. दात लागतील, तिच्या पिशवीला लागू देऊ नकोस."

लवॉनबाईंनी अशी भाषा वापरली, जी मी घरी बोलून दाखवू शकत नाही. डॉक गुडघ्यांवर शेजारी बसून शांतपणे सांगत होत्या, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. तो सगळा वेळ तिथेच पडलेला होता.

वासरू घसरत बाहेर आलं, शिंकलं. लवॉनबाई मागे भिंतीला टेकून बसल्या. हात खांद्यापर्यंत लाल. मग त्यांची नजर डॉकच्या मांडीवरच्या हाताकडे गेली.

"वर कर तो."

"होत नाही."

"कधीपासून?"

"हिच्या जन्मापासून." डॉकनी हनुवटीने सिनेटरकडे दाखवलं. "हिला ओढताना खांद्यात काहीतरी तुटलं. तेवढ्यात फोन आला. वाटलं, दोन वर्षांत भरून येईल. दोन शस्त्रक्रिया झाल्या. नाही आलं."

"फोन माझ्या हातात होता," लवॉनबाई म्हणाल्या. पण पहिल्यांदाच अगदी हळू.

"हो. म्हणून तू खांद्याकडे बघितलं नाहीस."

"मग बटाटे?"

"पिशवी धरून ओतायला दोन हात लागतात. डाव्या हाताने एकेक लावला. लावायचाच आहे तर सरळ लावावा म्हटलं. पाऊण तास गेला."

"ऑर्विल काय करत होता?"

"मला मदत नको होती."

लवॉनबाईंनी गवताने हात पुसायला सुरुवात केली. "म्हणजे तुला परत यायला इथे काम उरलेलं नाही, म्हणून तू उभी आहेस?"

"हो. आणि तिथलं काम मला येतं, असं आता वाटायला लागलंय."

"हे रेडिओवर का नाही सांगितलंस?"

"लुळ्या हाताची दया येऊन लोकांनी मत द्यावं? तू घेतली असतीस तशी मतं?"

लवॉनबाईंनी श्वास आत ओढला, पण त्यातून 'हो' निघालं नाही.

तळघरात त्या परतल्या तेव्हा सगळे पुडिंगपर्यंत आले होते आणि कुणीच पुडिंग खात नव्हतं. लवॉनबाई सरळ मधल्या टेबलापाशी गेल्या, मोठा चमचा घेतला आणि पहिल्या रांगेचे पाच बटाटे खालच्या खिम्यासकट उचलले. थंडगार झालेलं. उभ्यानेच खाल्लं. तळघरात फक्त त्यांच्या दातांचा आवाज.

"कालवड झाली," त्या म्हणाल्या. "डॉकनी सोडवली."

मर्नाने विचारलं, "आणि हॉटडिश? कुणी केलंय?"

"तिनेच. वाईट नाही."

'वाईट नाही' याच्यावर आमच्याकडे कौतुकाचा शब्द नाही. रांग पुन्हा लागली, मी पण लागले, आणि खरं सांगायचं तर मीठ कमी होतं. रिकामं भांडं लवॉनबाईंनी धुऊन परत द्यायला घरी नेलं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत.

खांद्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, निवडणूक होईपर्यंत तरी.

गॅरेट स्लाइस शेवटच्या दिवसापर्यंत "नॉर्डबीला विचारा" म्हणत राहिला. राज्याने विचारलं. नॉर्डबीची मतं एकशे त्रेसष्ट: डॉकना एकशे पन्नास, त्याला तेरा. राज्यात डॉक जेमतेम चार हजारांनी निवडून आल्या.

आता गावात शांतता असायला हवी होती. पण लवॉनबाई प्रत्येक जेवणाला चष्मा खाली घेऊन टेबलाभोवती फिरतात आणि भांडी उलटी करून नावं वाचतात.

"तेरा," त्या मर्नाच्या कानात म्हणतात. "यांच्यातच आहेत ते."